ह्यांना घेऊन मार्गासनीला

भोरहून सकाळची सर्व्हिस मोटार सुटली तेव्हा ह्यांच्या उपरण्याचं टोक माझ्या मुठीत होतं. कुणाला दिसू नये म्हणून वरून मी पदर घेतला होता. मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेला, निम्म्या तालुक्यातल्या बांधांचे कोपरे तोंडपाठ असलेला हा माणूस गेल्या दिवाळीपासून आपल्याच आळीत वाट चुकू लागला होता. वैद्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "आठवण उतरणीला लागली आहे. औषध देतो, पण आशा देत नाही. जिथे ह्यांना बरं वाटेल तिथे चार दिवस न्या."

ह्यांचं लहानपण वेल्ह्याच्या वाटेवरच्या मार्गासनीत गेलं. तिथलं घर केव्हाच दुसऱ्याचं झालं, पण शेजारच्या सखारामाशी ओळख टिकून होती. पुण्याच्या मुलाने पत्र लिहून नको म्हटलं. वैशाख लागला आणि मी निघाले.

कापूरहोळ यायच्या आतच ह्यांनी शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांना अगदी सभ्यपणे विचारलं, "ह्या बाई मला कुठे नेताहेत, आपल्याला काही कल्पना?"

पुढच्या बाकांवरचे लोक मागे वळून पाहू लागले.

"बाई, ह्ये तुमचे कोण?" फेटेवाल्यांनी विचारलं.

"यजमान आहेत माझे."

"मग त्यास्नी कसं ठावं न्हाई?"

 ह्यांनी माझ्या मुठीतून उपरणं सोडवून घेतलं आणि सरकून बसले. ड्रायव्हरने मोटार हळू केली. पस्तीस वर्षांच्या संसाराचा पुरावा म्हणून मी ह्या लोकांना काय दाखवू? शेवटी मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "आमच्या सासऱ्याचं बी आसंच झालं हुतं. सुनंला चोर म्हनायचा. चलू द्या मोटार." मोटार पुढे निघाली, पण नसरापूरच्या फाट्यावर आम्ही उतरेपर्यंत फेटेवाल्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.

फाट्यावर सखाराम बैलगाडी घेऊन उभा होता. ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कानाशी पिकलेला. ह्यांनी त्याला ओळखलं नाही, पण बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि निमूटपणे गाडीत चढले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाजून काळी पडलेली वावरं होती. मधूनच एखादा बहावा पिवळाजर्द फुललेला दिसे. दूर राजगड उन्हाच्या धगीत पुसट झाला होता. मार्गासनी जवळ येताच हे ताठ बसले आणि एकेका वावराच्या मालकाचं नाव सांगू लागले. सखाराम हळूच मला म्हणाला, "वैनी, आण्णा सांगत्यात ती समदी मानसं गेली. पर नावं बरोबर हायती."

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. सखारामाची बायको भागीरथी नाचणीची भाकरी आणि करवंदांची चटणी वाढी, आणि हे दोनदा मागून घेत. सकाळी आम्ही टेकाडावर करवंदं तोडायला जात असू. काटे लागून ह्यांची बोटं लाल होत, तरी द्रोण भरल्याशिवाय ते उठत नसत. दुपारी परसात बसून त्यांनी कच्चे आंबे पिकवायला गवतात आढी घातली. देठ वर ठेवून एकेक आंबा इतक्या नेटकेपणाने लावला, की भागीरथी पाहतच राहिली. मी मात्र आंब्यांकडे पाहत नव्हते. फाटकाला कडी आहे की नाही, विहिरीला कठडा किती उंच आहे, हे पाहत होते.

चौथ्या दिवशी सकाळी सखाराम आम्हाला गुंजवणीवर घेऊन गेला. वैशाखात नदी आटते, खडकांमधून डोह तेवढे राहतात. "पोरपणी आण्णा हितंच पडून असायचं," तो म्हणाला. इतक्यात वरच्या अंगाला त्याचा बैल दावं तोडून पळाल्याची हाक आली, आणि "आलोच" म्हणून तो गेला. मी वळून पाहते तो ह्यांचा सदरा खडकावर, आणि हे पाण्यात.

ते सुरेख पोहत होते. घरात सदऱ्याचं बटण लावताना अडखळणारे हात पाण्यात कुठेच अडखळत नव्हते. पण समोरच्या काठाला लागल्यावर ते थांबले नाहीत. ओल्या धोतराने बाहेर आले आणि नदीच्या वरच्या दिशेने चालू लागले. तिकडे कपारीखाली काळा, खोल डोह होता. गावातले पोहणारेसुद्धा तिथे उतरत नाहीत, असं सखारामाने वाटेतच सांगितलं होतं.

"अहो," मी हाक मारली. त्यांनी पाहिलं नाही. मी पुन्हा ओरडले, मग आणखी मोठ्याने. "अहो" म्हणजे आपण, हे ते विसरले असावेत. मला पोहता येत नव्हतं. ते कपारीवर चढले, तेव्हा जे नाव उखाण्याबाहेर कधी तोंडातून काढलं नव्हतं ते मी मोठ्याने घेतलं, "दत्तात्रेय!" त्यालाही त्यांनी ओ दिली नाही. मग सासूबाई उंबऱ्यातून मारत तशी हाक माझ्या तोंडून निघाली. लिहितानाही हात थबकतो.

"दत्तू, जेवायला ये रे."

ते वळले. "आलो गं," म्हणाले, आणि कपारीवरून उतरून मागे आधीच्याच डोहात शिरले.

मध्यावर येऊन ते थांबले आणि उताणे होऊन आकाशाकडे पाहत राहिले. ते दमले की विसरले, हे मला कळेना. मी लुगड्यासकट पाण्यात उतरले. गळ्याशी पाणी आलं, पायाखालची वाळू सरकली आणि मी ओरडले. दोन हातांनी मला धरून उथळ जागी आणलं.

"पोहता येत नाही तर उतरलीस कशाला?" हे रागावून म्हणाले. "कुणाची गं तू?"

मी कुणाची ते सांगायला गेले आणि रडूच कोसळलं.

"रडू नकोस. मी शिकवतो," ते म्हणाले.

त्यांनी खरोखरच शिकवलं. रोज उजाडताच ते "चल" म्हणत. कशाला, हे पाण्याजवळ गेल्याखेरीज त्यांना आठवत नसे. भागीरथीने दोन वाळलेले भोपळे माझ्या पाठीला बांधून दिले. धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या. "हसू द्या, वैनी," भागीरथी म्हणे, "म्या बी हसले असते."

शिकवणीच्या सहाव्या दिवशी ह्यांनी भोपळे सोडून टाकले आणि पाठीखाली आपला तळवा धरला. "अंग सैल सोड," ते म्हणाले. तितकी भीती मी बाळंतपणातही अनुभवली नव्हती. जेवण झालं हे पानावरून उठताच विसरणारा माणूस, आणि त्याच्या तळव्यावर माझा जीव. हात कशाला धरला आहे हे ह्यांना मध्येच आठवेनासं झालं तर? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे ओळख नव्हती, पण लक्ष होतं. मी अंग सैल सोडलं.

पंधरा दिवसांनी आम्ही भोरला परतलो. मुलगा पुण्याहून आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "आई, केवढी ही जोखीम. घरात राहिली असतीस तर?"

घरात काय होतं ते त्याला ठाऊक नाही. चुलीपाशी बसून दाराची कडी वाजते का ते ऐकत राहणं, आज ह्यांनी आपल्याला कोण ठरवलं आहे ते त्यांच्या डोळ्यांत शोधणं. ती भीतीही नदीएवढीच खोल आहे, आणि तिच्यात करवंदं नाहीत, आंबे नाहीत, पहाटेचं पाणी नाही.

पुढच्या वैशाखात आम्ही पुन्हा जाणार आहोत. तोवर ह्यांचं काय काय गेलेलं असेल, सांगता येत नाही. कदाचित दत्तू म्हटल्यावरही ते वळणार नाहीत. पण आता मला त्या नदीच्या पलीकडे जाता येतं.