कसरीने खाल्लेले सहा गर्भ

"एवढंच खाल्लंय? बाकी काहीच नाही?" डॉ. मृणालने पुस्तकावर वाकून विचारलं.

मीही सकाळपासून तेच बघत होते. माझं काम जुने कागद दुरुस्त करायचं. आधी एका संग्रहालयाच्या लॅबमध्ये होते, आता निजामपुऱ्यात घरीच करते. हे पुस्तक मृणालच्या पणजोबांचं. ते संस्थानात डॉक्टर होते, त्यांनी विलायतेहून मागवलेलं. आईच्या पोटात गर्भ कसा वाढतो ते दाखवणारी नऊ मोठी चित्रं, महिन्याला एक. मृणाल सोनोग्राफी करते, बोलताना मधूनच गुजराती शब्द घालते. मांजलपूरच्या नव्या क्लिनिकमध्ये तिला ते काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. उद्घाटन दहा दिवसांवर आलं होतं.

पहिल्या सहा चित्रांत गर्भाशय शाबूत. रक्तवाहिन्यांची रेघन् रेघ जागेवर. आतला गर्भ मात्र नाही. तिथे कागद खरवडून इतका पातळ झालेला, की उजेडाकडे धरला तर गर्भाच्या आकाराची खिडकी दिसायची.

"कसर," मी म्हणाले. कसर म्हणजे जुन्या पुस्तकांतून झरकन पळतो तो चंदेरी किडा. त्याला कागदापेक्षा खळ जास्त आवडते. "गर्भावर कुणीतरी हाताने रंग दिला होता. कडेला गुलाबी कण राहिलेत, बघा. रंग खळीत कालवलेला असणार. किड्याने तेवढाच चाटला."

मृणालने तिसरं चित्र जवळ ओढलं. "बेन, आठवड्याला एखादी तरी बाई येते, तिच्या स्क्रीनवर मला हेच दिसतं. पिशवी आहे, आत काही नाही. मग ते तिला मलाच सांगावं लागतं." चित्र बाजूला सरकवून म्हणाली, "हे लॉबीत नाही ठेवता येणार. तुम्ही परत काढून द्या ने. एखादा सारा, चांगला आर्टिस्ट बोलवा."

"मागून कागद लावीन. चित्र काढणार नाही."

आमच्या कामात उरलेलं मजबूत करतात, गेलेलं नव्याने रचत नाहीत. ती नाराज होऊनच गेली. त्या संध्याकाळी मी पहिलं चित्र साफ केलं. खोडरबराचा बारीक चुरा कागदावर बोटाने हलकेच फिरवायचा, मळ निघतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या चित्राला दिवा आडवा लावला. आडव्या उजेडात ओरखडे उठून दिसतात. माझी नजर समोरच्या छापील पानावर गेली. मजकुराच्या ओळींवर एक गर्भ होता. फिका, तपकिरी, तोंड पलीकडे वळवलेला.

मी दिवा बंद केला. पुन्हा लावला. तो तिथेच.

छपाईच्या शाईतलं तेल वर्षानुवर्षं समोरच्या पानात मुरतं आणि चित्राची उलटी सावली उमटते. हे मी कितीदा पाहिलंय. पण चित्र जाऊन नुसती सावली उरलेली कधी पाहिली नव्हती. सहाही पानांवर ते होते, महिन्या-महिन्याने मोठे होत गेलेले. वाऱ्याने पान हललं की तेही हलल्यासारखे वाटायचे. मी उठून पंखा बंद केला.

मग चित्राच्या खालच्या कडेला करडी रेघ दिसली. भिंगाखाली धरली तर तो शब्द निघाला. वैशाख. पुढच्यावर ज्येष्ठ. सहाव्यावर भाद्रपद.

कालच्या चित्राखालीही अशीच रेघ होती. मी ती मळ समजून काढली होती.

मृणालला फोन केला. ती वडिलांना घेऊन आली. सुधाकरकाका ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत जिना चढले. मी आधी चूक सांगितली.

"पहिल्यावर काय होतं?" मृणालने विचारलं.

"चैत्र असणार."

"असणार?"

"मी पुसलं, डॉक्टर."

तिने भिंग काकांच्या हातात दिलं. काका भिंगातून बघत होते. "माझ्या आजीचं अक्षर," ते म्हणाले. "सणावाराला पाटांवर वेली काढायची, खळीत रंग कालवून. माझे वडील तिचे थोरले."

"थोरलेच ना, बाबा?"

"घरात तसंच सांगायचे."

मी सातवं पान उलटलं. गर्भ पूर्ण होता, पांढरा, किड्याने न शिवलेला. खाली आश्विन लिहिलं होतं. रंग नव्हता. आठव्या-नवव्यावर काहीच नव्हतं. आजी स्वतःच्या पोटातल्या बाळाचे महिने या चित्रांवर मोजत होती, आणि सातव्यात मोजणी थांबली होती.

मृणालने पान मागे उलटून सहाव्या महिन्याची सावली काढली. स्क्रीनकडे बघावं तशी बघत राहिली. "चोवीस आठवडे," ती हळू आवाजात म्हणाली. "आजच्या काळात असतं तर कदाचित वाचलं असतं."

काकांनी डोळे पुसले. "ताई, तेवढं चैत्र तरी परत लिहा."

"मी लिहिलं तर ते माझं अक्षर होईल, काका."

त्यांनी मान हलवली. पटलं होतं की नाही, मला कळलं नाही.

आर्टिस्टचा विषय पुन्हा निघाला नाही. मी विरलेल्या जागांना मागून पातळ कागद लावला, बाकी सगळं होतं तसं ठेवलं. पुस्तक काकांच्या खोलीत गेलं. क्लिनिकच्या पेटीत आता पितळेचा गणपती आहे. माझ्या रिपोर्टमध्ये एक ओळ आहे: पहिल्या चित्राखालची पेन्सिलची नोंद साफसफाईत गेली, चूक माझी.

पहिल्या पानाला हात लावण्याआधी शेवटच्या पानापर्यंत बघून घ्यावं. नवीन माणसांना हे मी वीस वर्षं शिकवत आले होते.