दोन स्विच आणि पांडुरंगची गल्ली

घणसोली गावात पांडुरंगच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, आणि माझ्या जीपला रिव्हर्स लाइट नव्हता... या दोन गोष्टींचा संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध होता, आणि फार जवळचा होता.

नव्वदच्या दशकातली ही हकिकत. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. पांडुरंग तिथेच प्रयोगशाळेत मदतनीस होता. मांडवाची ताडपत्री बांधताना तो घसरला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

लग्न बोनकोड्याला, मुलाच्या दारात, संध्याकाळचं. मुलगी म्हणाली, बाबा आले नाहीत तर मीही जाणार नाही. भावकीने त्याला खुर्चीसकट उचलून रस्त्यापर्यंत न्यायचं ठरवलं, तर पांडुरंग कडाडला, "चौघांनी उचलून न्यायला मी काय मेलोय? पोरीचं लगीन हाय!"

म्हणजे गाडी थेट उंबऱ्याशी यायला हवी. त्या अरुंद गल्लीत माझी लष्कराच्या लिलावातली, चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी जुनी जीपच शिरू शकत होती... पण गल्ली पुढे बंद. शिवाय नवरीची गाडी दारातून मागे सरकत निघू नये, हा घरातल्या बायकांचा आग्रह. त्याच्याशी वाद घालण्याचं मला कारण दिसलं नाही. निष्कर्ष एकच निघत होता : जीप आत नेतानाच उलटी न्यायची.

तेही दिवस मावळल्यावर, एका बाजूला उघडं गटार आणि दुसऱ्या बाजूला ओटे सांभाळत. मागे टॉर्च घेऊन माणूस उभा करा, असं कोणी सुचवलं. परंतु तो माणूस जीप आणि भिंत यांच्यामध्येच उभा राहणार... माझी चूक झाली तर तिची किंमत त्याने मोजायची, ही व्यवस्था मला मान्य नव्हती.

कोपरखैरण्याला सत्तारभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी एका जुन्या टॅक्सीचा पांढरा दिवा जीपच्या मागे बसवला आणि म्हणाले, "सर, डॅशबोर्डला बटन देतो. दाबलं की लागला."

मी नकार दिला. हाताने लावलेला दिवा माणूस विझवायला विसरतो, आणि गाडी पुढे चालली असताना मागच्याला ती मागे येतेय असं सांगत राहतो. जो दिवा खोटं बोलू शकतो, तो नसलेला बरा.

मग त्यांनी स्कूटरचा ब्रेक लाइटचा स्विच आणला आणि स्प्रिंगने गिअरच्या दांड्याला असा जोडला, की दांडा पुढे गेला की दिवा लागावा. रिव्हर्स टाकला, दिवा लागला... दुसरा गिअर टाकला, तरीही लागला! स्विच हलवून दांडा डावीकडे गेल्यावर लागेल असा केला, तर पहिल्या गिअरला लागू लागला.

"सर, वर्गातली पोरं ऐकतात तुमचं. हा गिअर काय ऐकायचा नाय. टेन्शन सोडा, बटनच घ्या!"

मी दांड्याकडे पाहत राहिलो. रिव्हर्स डावीकडे आणि पुढे. पहिला डावीकडे, पण मागे. दुसरा पुढे, पण उजवीकडे. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा गिअर एकच होता... दोन्ही विधानं खरी असतील तरच 'आणि'ने जोडलेलं वाक्य खरं, हे वर्षानुवर्षं मी फळ्यावर लिहीत होतो; तेच माझ्या डाव्या हाताखाली उभं होतं.

"सत्तारभाई, दोन स्विच लावा. एक डाव्या बाजूचा, एक पुढचा. वायर एकातून निघून दुसऱ्यात जाऊ द्या. दोघांची साक्ष जुळली तरच दिवा."

ते मोठ्याने हसले. "म्हंजे एकट्याचं कोणाचंच ऐकायचं नाय!" आणि दुसरा स्विच आणायला उठले. सगळे गिअर आम्ही तपासले. दिवा फक्त रिव्हर्सलाच लागला... पुन्हा पुन्हा, फक्त रिव्हर्सलाच.

लग्नाच्या संध्याकाळी मी जीप उलटी गल्लीत घातली. गटाराची कड, ओट्यांच्या पायऱ्या, सुकत घातलेलं जाळं... पांढऱ्या उजेडात सारं स्वच्छ दिसत गेलं, आणि शेवटी उंबरा आला. कुठेही ओरखडा नाही. मुंडावळ्या बांधलेली मुलगी दारात उभी होती आणि आतून पांडुरंग ओरडत होता, "सर, गाडीला पाठीमागं डोळा बसवला काय!"

पुढच्या सीटवर, प्लास्टरचा पाय बाहेर काढून, तो नवरदेवाच्या थाटात बसला. मागे मुलगी आणि करवल्या. मी पहिला गिअर टाकला आणि मान वळवून पाहिलं... मागे अंधार होता. दिवा विझला होता, जसा विझायलाच हवा होता.

आयुष्यात बरेच वाद जिंकले, त्यांतले बहुतेक विसरलो. हा मात्र आठवतो, कारण त्याच्या निष्कर्षात बसून एक बाप ताठ मानेने लेकीच्या लग्नाला गेला. सत्तारभाई, त्या दुसऱ्या स्विचसाठी मी आजही तुमचा ऋणी आहे.