दिल्लीमार्गे सलीमभाईंचं लॉज

सलीमभाईंचं लॉज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि त्याच्या चारही खोल्या मी दिल्लीमार्गे बुक केल्या.

निमित्त मुलीच्या साखरपुड्याचं. व्याही जगताप, पुण्याचे. बैठकीत विहीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "रत्नागिरीत राहायची सोय बरी असेल ना?" तो 'ना' माझ्या छातीत रुतून बसला. सोय चुकली की लग्न मोडलंच, असं मी धरून चाललो. त्यात घरी नुकतंच इंटरनेट आलेलं!

"अहो, खाली जाऊन सलीमभाईंना सांगून या. संपलं!" बायको म्हणाली.

"तोंडी? या दिल्लीच्या वेबसाइटवर लेखी कन्फर्मेशन मिळतं. शिवाय सूट!"

"आणि हा समुद्र कुठला?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. वेबसाइटवरच्या फोटोत सलीमभाईंच्या खिडकीबाहेर निळाशार समुद्र होता. (प्रत्यक्षात त्या खिडकीतून आमची गॅलरी आणि तिच्यात वाळणारे माझे बनियन दिसतात.)

"असेल दुसऱ्या बाजूला," मी म्हणालो आणि 'पाहुण्याचे नाव' या रकान्यात रुबाबात 'जगताप' लिहून बटण दाबलं. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काहीतरी करून येते, हे एवढ्या संसारात मला कळायला हवं होतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जगताप मंडळी पहाटेच पुण्याहून निघाली, आणि सकाळी संगणकावर निरोप आला. लॉजमध्ये पाणी नाही, बुकिंग रद्द, क्षमस्व!

मी गॅलरीत धावलो. समोर लॉजच्या गच्चीवर पांढऱ्याशुभ्र चादरी निथळत होत्या आणि खाली खुद्द सलीमभाई पाइप घेऊन अंगण धूत होते! पाणी नाही म्हणे! एवढ्या वर्षांचा शेजार, दर ईदेला शीरखुर्मा, आणि माझ्या मुलीच्या साखरपुड्याला दगा? त्या माणसाचं तोंड बघायचं नाही असं ठरवून मी परत संगणकापुढे बसलो. रत्नागिरीतलं सगळं भरलेलं. समुद्रापासून लांब, महामार्गावर हातखंब्याच्या नाक्याला एक लॉज मोकळं दिसलं. (फोटोत समुद्र तिथेही होता. हातखंब्याला!) ते बुक केलं आणि व्याह्यांना फोन लावला.

"हातखंब्यालाच उतरा. तिथे हवा जरा मोकळी असते."

"पण साखरपुडा रत्नागिरीत ना?"

"हो, हो, तिथेच! म्हणजे इथेच!"

फोन ठेवतो तर बायको अबोलीचे गजरे घेऊन निघालेली.

"कुठे?"

"सलीमभाईंकडे. खोल्यांतून फुलं ठेवून येत्ये."

"कुणाच्या खोल्यांतून?"

"आपल्या! तुम्ही बटण दाबलंत त्याच संध्याकाळी मी त्यांना सांगून आल्ये."

माझं डोकंच चालेना. रद्द झालेल्या खोल्यांत फुलं? बनियनवर शर्ट चढवला आणि बायकोच्या पुढे धावत लॉज गाठलं.

"सलीमभाई, पाणी नाही म्हणून कळवलंत?"

"तुम्हाला कोणी सांगितलान?" सलीमभाई पाइप बाजूला टाकून हसले. "ओ मास्तर, थाप हाय ती! दिल्लीच्या कंपनीचा कागद आज सकाळी आला, कोण पुण्याचा जगताप चारही खोल्या मागतोय. आणि वहिनी तर आधीच सांगून गेलेल्या, मास्तरांकडले येणार. उडवला त्याला! तुमच्या पाहुण्यांच्या जागेत परका घुसवीन काय मी?"

"अहो, तो जगतापच माझा पाहुणा!"

"मग कागदावर तुमचं नाव कुठं होतं?"

आमच्याकडे खोली पाहुण्याच्या नावाने राहतच नाही, तो ज्याच्याकडे आलाय त्याच्या नावाने राहते. हे रत्नागिरीत शेंबडं पोरही जाणतं. मी मात्र वेबसाइटने विचारलं तेवढंच लिहून मोकळा झालो होतो.

व्याह्यांचा फोन दुपारपर्यंत लागेना. हातखंब्याला जायला रिक्षा थांबवली, तोच जगतापांची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही इथे कसे?" मी ओरडलोच.

"हातखंब्याचा मालक म्हणाला, बुकिंगबिकिंग मला माहीत नाही, तुम्ही कुणाकडले ते सांगा," व्याही घाम पुसत म्हणाले. "तुमचं नाव सांगितलं. तर म्हणतो, मास्तरांच्या पाहुण्यांच्या खोल्या आमच्या मेव्हण्याच्या, सलीमच्या लॉजवर आहेत, इथे कशाला उतरलात? गाडी पुढे घ्या!"

मागच्या दारातून विहीणबाई उतरल्या. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लॉजकडे.

"नक्की राहायचंय कुठे?" त्यांनी विचारलं.

"इथंच हो, वहिनी!" सलीमभाई पुढे झाले. "पाणी भरपूर हाय!"

त्या तडक वर गेल्या. मी खाली उभा. आता त्या बॅग घेऊनच परत येणार, अशी माझी खात्री झाली होती. आल्या त्या केसांत अबोलीचा गजरा माळून!

"सोय फार छान केलीत हो," त्या म्हणाल्या. मला नाही, माझ्या बायकोला.

लग्न थाटात झालं. जावई गुणी आहेत, मला मानही भरपूर देतात. फक्त आमच्याकडे राहायला यायचं ठरलं, की मला कधी फोन करत नाहीत. थेट सासूबाईंना सांगतात.