झटका खाल्लेला दोर

तार-नाना दोर तपासताना डोळे मिटून घेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या आमच्या यार्डात क्रेनने माल उचलायला तारेचे जाडजूड दोर लागतात. नाना आधी दोरावरून चिंधी फिरवत. तुटकी तार असली की चिंधी अडकायची. मग डोळे मिटून अंगठा. "डोले फसवतात, बाय," असं मला म्हणायचे.

मी तिथे सेफ्टीचं रजिस्टर सांभाळते. नवी होते तेव्हा मला शहाणपण फार. एकदा उचललेला माल वीतभर घसरून गचकन थांबला आणि नानांनी तो नवाकोरा दोर बाद केला. एक तरी तुटकी तार दाखवा, म्हणून मी हुज्जत घातली. नाना चिडले नाहीत. म्हणाले, "वजन दोराला मारीत नाय, बाय. हलू ओढला त सोसतो. झटका मारतो त्याला. वरून बरा दिसतो, आन चार दिसांनी आतून उसवतो."

अशा दोराला ते लाल रंग फासत आणि ग्राइंडरने त्याचे तीन तुकडे करत. नुसता भंगारात टाकला तर कुणीतरी उचलून परत लावेल, ही धास्ती. एरवी माणूस हसतमुख. करंजाड्याला त्यांची भातशेती होती, तिथे आता इमारती झाल्यात. त्यातल्याच एकीत ते राहत. "आमच्या शेतान लिफ्ट हाय," असं सांगून स्वतःच हसायचे.

क्रेनही नानाच चालवत. अपघात झाला त्या दुपारी ते क्रेनच्या केबिनमध्ये बसले होते. रिव्हर्समध्ये येणारा ट्रेलर क्रेनला धडकला. नानांचं डोकं कुठे आपटलं नाही, नुसतं जोरात पुढे गेलं आणि गर्रकन फिरून मागे आलं. मी धावत गेले, त्यांच्या डोक्यावरून, मानेवरून हात फिरवला. टेंगूळ नाही, रक्त नाही. त्यांच्याकडूनच शिकले होते ना तपासायला! निम्मंच शिकले होते. चहा पिताना त्यांनी तीनदा विचारलं, "दुपारचा ट्रेलर आला का?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, नाना, आता वय झालं तुमचं. सगळे हसले. तेही हसले. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: इजा नाही.

पुढचे चार दिवस ते त्याच हादरणाऱ्या केबिनमध्ये बसले. डोकं दुखतंय म्हणत होते, मी गोळी दिली. पाचव्या दिवशी हातात चिंधी धरून उभे राहिले आणि तिचं काय करायचं ते त्यांना आठवेना.

दवाखान्यात काढलेला डोक्याचा पहिला फोटो साफ आला. डॉक्टरांनी मला आणि नानांच्या सुनेला समजावून सांगितलं. मेंदूतले तंतू हळू ताणले तर सोसतात. एकदम ताणले तर आतून चिरतात. चिरलं तिथे तंतूतली ये-जा तुंबते, तो फुगतो, आणि काही तंतू नंतरच्या दिवसांत तुटतात. सून रडत होती. मी मान हलवत होते, कारण हे सगळं मी आधी ऐकलेलं होतं. त्याच दिवशी घरी पाठवलं असतं तर, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. ते हो म्हणाले असते तरी बरं झालं असतं. आता तीनदा विचारलेल्या त्या प्रश्नाचा आवाज कानातून जात नाही.

आता यार्डात कुणाच्या डोक्याला नुसता हिसका बसला तरी मी त्याला दवाखान्यात पाठवते. लोक वैतागतात. वैतागू देत.

मागच्या महिन्यात करंजाड्याला गेले तेव्हा नानांनीच बाद केलेल्या एका दोराचा तुकडा बरोबर नेला. ओळखतील, एवढीच आशा. नानांनी तो मांडीवर घेतला, डोळे मिटले, अंगठा फिरवला. लाल रंगावरून अंगठा सावकाश पुढे गेला. मग डोळे उघडून त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला.

"बरा हाय," नाना म्हणाले. "लाव."