लाल अळूची गोधडी

आमच्या गावात गोधडी वाळत घालायची ती उलटी. रंगीत बाजू आत, पांढरी पाठ रस्त्याकडे. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला हे शेजारपाजारच्या बायका पहिल्याच धुण्याला सांगून ठेवायच्या. का म्हणून विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "लुइका बघेल."

ही लुइका म्हणजे माझी आंटी, वडिलांची मोठी बहीण. अंगाने आडवी, हसली की बाक हलायचा. तिच्या ओसरीवर दुपारी पेरूच्या लाकडाचा धूर, वाळत घातलेले मासे आणि लाकडी चौकटीवर ताणलेली गोधडी, हे तिन्ही कायम. आम्ही पोरी त्या चौकटीखाली लोळायचो आणि वरून सुई खुपसली की खालून ओढून परत द्यायचो. तिच्या हाताची पोई, उकडलेल्या अळूच्या कंदांचा लगदा, मी नंतर कुठे खाल्ली नाही. अळूचे कंद सगळेच कुटतात, पण ती कुटताना शेजाऱ्यांच्या भानगडी सांगायची, त्यामुळे चव वेगळी यायची.

आमच्या बेटावरची गोधडी म्हणजे पांढऱ्या कापडावर एकाच रंगाचं झाड. रंगीत कापड आठ पदरी दुमडायचं, कात्री एकदाच चालवायची, उलगडलं की पानाफुलांसकट सबंध झाड समोर. ज्या बाईने कापलं तिचा तो नमुना, आणि त्याला ती नाव देते. कोणाला हवा असला तर तिच्या दारी जाऊन मागायचा. ती देते किंवा नाही म्हणते. न मागता उचलला तर ती चोरी, आणि त्या चोरीचं गाणं रचून भर जेवणावळीत म्हणतात, चोराला समोर बसवून.

लुइका आंटीवर गाणं होतं. मेलेआनाने रचलेलं.

मेलेआना आमची शेजारीण, मध्ये फक्त काळ्या दगडांचा गडगा. तिची लेक हिनानो रांगत होती तेव्हा तिने हिरव्या अळूची एक गोधडी केली. तशी पानं कोणी कापली नव्हती, वाऱ्याने एका अंगाला कललेली. मेलेआना ती उलटीच वाळत घालायची. पण उन्हं कलली की ऊन मागून यायचं आणि पांढऱ्या पाठीवर सगळी सावली उमटायची. गडग्याच्या अलीकडे आंटी शेंगा सोलत बसलेली असायची. पुढच्या वर्षी आंटीच्या चौकटीवर अळू आलं, लाल.

मेलेआना गडग्यावरूनच ओरडली होती. "लुइका, लाज नाही वाटत? माझी पानं आहेत ती!"

"तुझी हिरवी आहेत. माझी लाल आहेत."

"अळू कधी लाल असतं का गं?"

"तेच तर. म्हणजे हे तुझं नाही."

चोर तो चोर, वर शिरजोर. पुढे कोणी विचारलं की आंटीची दोन उत्तरं ठरलेली. एक, मेलेआनाची गोधडी मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. दुसरं, तिच्यात आहे ते माझ्यात नाही, दोन्ही वेगळ्या आहेत. माझे वडील म्हणायचे, "अगं, पाहिली नाहीस तर वेगळी आहे हे कळलं कसं?" त्यावर आंटी त्यांच्या ताटात आणखी एक मासा वाढायची.

गाण्याने तिचं काही बिघडलं नाही, ती स्वतः टाळ्या वाजवायची. बिघडलं ते एवढंच, की मेलेआना होती तोवर एकाही प्रदर्शनात आंटीची गोधडी लागली नाही. हिलोच्या जत्रेत नाही, चर्चच्या मेळ्यात नाही. सगळ्यांच्या गोधड्या भिंतीवर आणि ही केळी तळायला स्वयंपाकघरात. ते तिला लागायचं. बोलली नाही कधी, पण मला दिसायचं. लाल अळूइतकं बारीक काम त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाचं नव्हतं, हे मेलेआनालाही ठाऊक होतं.

मेलेआना गेली तेव्हा हिनानो होनोलुलूहून आली. आमच्यात बाईची जिवापाड जपलेली गोधडी तिच्याबरोबर जाते, पुरून किंवा जाळून. मेलेआनाने मरता मरता लेकीचा हात धरून सांगितलं होतं, "अळू जाळ. नमुन्याचा कागदसुद्धा ठेवू नकोस. लुइकाच्या हाती लागायला नको." हिनानोने परसात जाळलं. आंटी गडग्याशी उभी होती. विझेपर्यंत हलली नाही, आणि त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

मग चर्चला शंभर वर्षं झाली. पाळकीणबाई दूरच्या गावातून आलेल्या, त्यांना गाणं माहीत नव्हतं. त्यांनी आंटीला सांगितलं, तुमची लाल गोधडी मधल्या भिंतीवर लावू. आंटीने दोनदा विचारलं, "मधल्या?" डोळे अधू झाले होते, नवीन काम होत नव्हतं. हे शेवटचंच, हे तिलाही कळत होतं. सोहळ्याच्या सकाळी चर्चच्या सभागृहात मी शिडीवर चढून गोधडी टांगली. खाली पाळकीणबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी, 'लाल अळू. नमुना आणि शिवण लुइका.' आंटी नवा फुलाफुलांचा झगा घालून समोरच्या खुर्चीत बसली होती, शाळेत पहिली आलेल्या मुलीसारखी.

तेवढ्यात हिनानो आली. ती येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. गोधडीसमोर उभी राहिली.

"आंटी, हे आईचं आहे."

"तुझ्या आईचं हिरवं होतं."

"रंगाचं नका सांगू. ही पानं मी ओळखते, यांच्याखाली झोपलेय मी." मग तिचा आवाज उतरला. "पण पूर्ण नाही हे. आईच्यात अजून काहीतरी होतं. बुडाशी. मी रोज आठवायचा प्रयत्न करते, आठवत नाही. माझ्या हातांनी जाळलं मी आणि आता मलाच आठवत नाही."

ती आंटीकडे वळली.

"तुम्हीच सांगत आलात ना, तिच्यात आहे ते माझ्यात नाही? मग सांगा. काय होतं तिच्यात?"

मी शिडी धरून उभी होते. मला तर वाटलं आंटी आता नेहमीसारखी काहीतरी खवचट बोलेल आणि सगळे हसतील. तिने तसं काही केलं असतं तर मी तिला आयुष्यभर माफ केलं नसतं. तिने हात पुढे केला आणि मला म्हणाली, "कात्री आण. आणि कागद, मोठा."

मेजावर अंथरायला आणलेला कागद होता. आंटीने तो आठ पदरी दुमडला, डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि मग डोळे मिटूनच कापायला लागली. कललेलं पान, दुसरं पान, देठ. बुडाशी आली तेव्हा कात्री थांबली. मग तिने तिथे एक बोटभर वळण घेतलं. कागद उलगडला. प्रत्येक देठाच्या बुडाशी एक पिल्लू होतं, कंदाच्या कुशीतून फुटतं तसं, आईच्या अंगाला टेकलेलं.

हिनानोने तोंडावर हात ठेवला. "हेच. हेच होतं."

"ते तू," आंटी म्हणाली. "तू झालीस म्हणून कापलं होतं तिने."

"मी एकटी. ही आठ आहेत."

"कात्रीला एक कापता येत नाही गं. आणि रडायचीस तू आठ जणांइतकी."

हिनानो हसली आणि रडायला लागली. मग म्हणाली, "तुम्ही का नाही लावलं? ओळखू येऊ नये म्हणून?"

आंटीला मूल नव्हतं. दोन झाली होती, दोन्ही टेकडीवर पुरली होती. हे गावाला माहीत होतं आणि गाव त्यावर बोलत नसे. ती म्हणाली, "पानं चोरली मी. दिसली आणि राहवलं नाही. पोर कसं चोरू? पोर तिचं होतं."

आंटी उठली, हिनानोसमोर उभी राहिली आणि मागायची जी रीत असते तशी दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "हिनानो, तुझ्या आईचा नमुना आहे. मला वापरू देशील?"

"आई असती तर नाही म्हणाली असती."

"ठाऊक आहे. म्हणून तर तिच्याकडे कधी मागितला नाही."

हिनानो गोधडीकडे वळली. मला वाटलं, म्हण बाई हो, म्हातारीची एवढी एक हौस आहे. पण तिचंही चुकलं असं मी आज म्हणणार नाही. ती हळूच म्हणाली, "मी तिचीच मुलगी आहे, आंटी. नाही."

"बरोबर आहे," आंटी म्हणाली. मला म्हणाली, "काढ गं."

मी लाल अळू उतरवलं. आंटीने स्वतःच्या हातांनी घडी घातली, रंगीत बाजू आत. मधल्या भिंतीवर हिनानोने तो कागद टाचला आणि चिठ्ठीवर आईचं नाव लिहिलं. आंटी मात्र खुर्ची सोडून गेली नाही. दिवसभर तिथेच बसली. बाहेरगावची माणसं यायची, एवढ्या गोधड्यांत हा कागद कसला म्हणून थांबायची. ती त्यांना सांगायची, "मेलेआनाचा आहे. ही पानं वाऱ्याने कललीत, दिसलं का? आणि हे पिल्लू बघा, पिल्लू बघायचं राहील नाहीतर."

दुपारी होनोलुलूच्या एका बाईंनी तिला विचारलं, "इतकं बारकाईने सांगताय. मग यात तुमचं काय आहे?"

हिनानो शेजारीच उभी होती. आंटीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी बघितलं होतं."