आईने सहा दिवस टिकवलेले ट्युलिप

मंडळी, आज मन फार कडू झालंय, म्हणून लिहितेय.

सोमवारी आईला सत्तर वर्षं पूर्ण झाली. पुण्याच्या भावाने इथे अमरावतीला ट्युलिप पाठवले आणि "रविवारी येतोच" म्हणाला. त्याला ते ताजे दिसावेत म्हणून आईने रोज देठ तिरपे कापले, थंड पाणी बदललं, फुलदाणी उन्हापासून लांब ठेवली.

आज दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "अरे वा, फुलं अजून ताजीच आहेत! आई, मी आता दिवाळीलेच येतो."

आई हसून "बरं" म्हणाली.

संध्याकाळी मी पाणी बदलायला गेले, तर आई म्हणते, "राहू दे वं. ज्याच्यासाठी टिकवली, तोच येऊन नाही राहिला."

घरी फुलं पाठवणाऱ्यांनो, तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेला होतात?