डागवाले आणि अकरा सह्या

अहो डागवाले,

उत्तर येणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही जाऊन दीड महिना झाला. पण तुमच्या मुलीने तुमच्याबद्दल थोडं लिहून मागितलं, तुमच्या गिऱ्हाइकांना पाठवायला. 'फार गोड माणूस' छापाचं मला जमत नाही. तेव्हा तुम्हालाच सांगते, बाकीच्यांनी वाचावं.

डागवाले हे नाव मुलीनेच ठेवलेलं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या दप्तरखोलीत एकतीस वर्षं फायली सांभाळून तुम्ही घरी बसलात, तेव्हा घरात माणसं तीन आणि पुस्तकं चार हजार. बायको म्हणाली, "एक तर यांना वाट दाखवा, नाहीतर मला." मुलीने इंटरनेटवर जुन्या पुस्तकांचं दुकान मांडून दिलं. फोटो तिने काढायचे, वर्णन तुम्ही लिहायचं. वर्णन कसलं! 'मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला. पान सत्तावन्नवर तेलकट बोट. वास कपाटाचा.'

"बाबा, आपण पुस्तक विकतोय की तक्रार नोंदवतोय?"

"घरी नेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

"निदान एक तरी चांगली गोष्ट लिहा!"

तुम्ही बराच विचार करून लिहिलंत, 'पानं सगळी आहेत.'

लोक त्यावरच भाळले. बायको जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून पार्सलं बांधायची आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची. "यावर पीठ मोजू की पुस्तकं, एकदाचं ठरवा," हे मी स्वतः फोनवर मागून ऐकलंय.

सही असलेली पुस्तकं हा तुमचा खरा जीव. तिरप्या उजेडात भिंग धरायचं, नमुन्यांच्या फाइलशी ताडून बघायचं, तीन दिवस जाऊ द्यायचे आणि मगच लिहायचं, 'सही खरी आहे.' ते तीन शब्द म्हणजे तुमची अब्रू होती.

त्यात मी टपकले. माझे यजमान कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. लंबकाच्या घड्याळांच्या दुरुस्तीवर त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. प्रकाशक बुडाला आणि पुस्तक दुर्मीळ झालं. नातीसाठी मी तुमच्याकडून 'लेखकाच्या सहीसह' प्रत मागवली. उघडली, आणि तडक फोन केला.

"सही खोटी आहे."

"बाई, मी भिंगाखाली तपासलीय."

"भिंग ठेवा बाजूला. ती मी केलीय."

दुसरा कोणी माझ्यावर उखडला असता. तुम्ही इतकंच विचारलंत, "किती प्रतींवर?"

दोनशे. शेवटच्या वर्षी यांचा हात कापायचा. प्रकाशकाने गठ्ठा पाठवला, मी सह्या ठोकत बसले आणि हे पडल्या पडल्या म्हणाले, "तुझी माझ्यापेक्षा झोकदार येते." आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुमच्या फाइलमधला नमुना नेमका त्याच गठ्ठ्यातला निघाला. अकरा प्रती विकल्या होत्यात, सगळ्या तंतोतंत जुळल्या. जुळणारच! वर, यांच्या हातची एकमेव थरथरती सही तुमच्याकडे आली, तिच्यावर तुम्ही 'सही संशयास्पद' लिहून ती साध्या पुस्तकांत काढून टाकलीत. मी खो खो हसले. तुम्ही हसला नाहीत.

बायको म्हणाली, "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

मुलीने बजावलं की दुकानाचं नाव जाईल. तुम्ही सह्यांच्या पुस्तकांचा विभागच बंद केलात. अकराही जणांना खरं कळेपर्यंत एकही सही विकायची नाही! मी सोडून दहा जणांना पत्रं गेली. तीन प्रती परत आल्या. एकाने कळवलं, "बायकोची सही आणखी दुर्मीळ, आता तर मी देतच नाही." असे करत नऊ झाले.

राहिला एक म्हातारा घड्याळजी. पुस्तक त्याच्या पुतण्याने मागवून दिलेलं. हा ना ईमेल बघतो, ना पत्राला उत्तर देतो. दुकान माझ्या घरापासून बारा मिनिटांवर. तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्हीच जाऊन सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर त्याला कमी लागेल."

"या आठवड्यात जाते," मी म्हटलं.

दोन महिन्यांत तुमचे तीन फोन आले. एकदा मी गुडघा दुखतो म्हणाले, एकदा पाहुणे आलेत म्हणाले. तिसऱ्यांदा सांगितलं की दुकान बंद होतं. ते साफ खोटं. दुकान सताड उघडं होतं. काचेच्या कपाटात पुस्तक सहीच्या पानावर उघडून ठेवलेलं, आणि म्हातारा एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "मी धंदा शिकलो तो या माणसाच्या पुस्तकावरून. ही बघा, त्यांच्या हातची." मी मनगटी घड्याळाचा पट्टा बदलून घेतला आणि घरी आले.

त्यानंतर नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

मागच्या आठवड्यात मुलीने विचारलं, "मावशी, त्यांना सांगून झालं का? बाबांनी बजावलंय, तोवर तो विभाग उघडायचा नाही."

"जाते," मी म्हटलं.

त्यालाही आज पाच दिवस झाले. पट्टा छान बसलाय. मी अजून गेलेले नाही.